पुस्तकात उत्तर नव्हते

१९ जुलै १९८९ची दुपार. अमेरिकेतील डेन्व्हरहून शिकागोकडे निघालेले युनायटेड एअरलाइन्सचे २३२ क्रमांकाचे उड्डाण ३७ हजार फुटांवरून शांतपणे चालले होते. डीसी-१० जातीचे हे अवाढव्य विमान तीन इंजिनांचे; दोन पंखांखाली आणि तिसरे शेपटीत. आत २८५ प्रवासी आणि ११ कर्मचारी. हवा स्वच्छ होती, खाली आयोवा राज्यातील मक्याची शेते पसरली होती. ३ वाजून १६ मिनिटांनी शेपटीकडून स्फोटासारखा आवाज झाला आणि सारे विमान हादरले.

एक इंजिन बंद पडणे ही वैमानिकांच्या लेखी फार मोठी आपत्ती नव्हे. त्याचा सराव त्यांनी कितीदा तरी केलेला असतो. कॅप्टन अल हेन्स यांनी तिसरे अधिकारी डडली ड्वोरॅक यांना अशा वेळी वाचायची ठरलेली यादी काढायला सांगितले. तेवढ्यात शेजारच्या आसनावरील सहवैमानिक विल्यम रेकॉर्ड्स म्हणाले, की विमान आवरत नाही. हेन्स यांनी मान वळवून पाहिले. रेकॉर्ड्स यांनी सुकाणूचे चाक पार डावीकडे फिरवून पोटाशी ओढून धरले होते आणि विमान मात्र उजवीकडे कलत निघाले होते. हेन्स यांच्या गाठीशी सुमारे ३० हजार तासांच्या उड्डाणाचा अनुभव होता. त्यात असे दृश्य कधी आले नव्हते.

मोठ्या विमानाचे पंख आणि शेपूट यांवरील हलणारे पडदे माणसाच्या हाताच्या ताकदीने हलत नाहीत. नळ्यांतून दाबाखाली फिरणारे तेल ते काम करते. त्यालाच हायड्रॉलिक यंत्रणा म्हणतात. डीसी-१०मध्ये अशा तीन स्वतंत्र यंत्रणा होत्या. एक गेली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी. तिन्ही एकदम जाणे इतके अशक्यप्राय मानले गेले होते, की तसे झाल्यास काय करावे हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेलेच नव्हते. त्या दुपारी शेपटीतील इंजिनाच्या पंख्याची भलीमोठी चकती फुटली, तिचे तुकडे गोळ्यांसारखे बाहेर उडाले आणि शेपटीत जवळजवळ येणाऱ्या नळ्या त्यांनी फाडून टाकल्या. ड्वोरॅक यांच्या समोरच्या तिन्ही काट्यांनी शून्य दाखवले. सारे तेल वाहून गेले होते.

विमान उजवीकडे इतके कलले होते, की आणखी काही क्षणांत ते पाठीवर पडले असते. हेन्स यांनी डाव्या इंजिनाचा जोर एकदम कमी केला आणि उजव्याचा वाढवला. पंख हळूहळू समपातळीवर आले. हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. नाव वल्हवणारा माणूस एकाच बाजूचे वल्हे मारून नाव वळवतो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की या नावेत २९६ माणसे होती.

ड्वोरॅक यांनी कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्को येथील देखभाल केंद्राशी रेडिओवरून संपर्क साधला. तेथे या विमानाची खडान्‌खडा माहिती असलेले तंत्रज्ञ बसलेले असतात. तिन्ही यंत्रणा गेल्या आहेत हेच त्यांना खरे वाटेना. ते पुन:पुन्हा तेच विचारत राहिले. त्यांचा दोष म्हणता येणार नाही. त्यांच्याजवळचे पुस्तकही तेच होते. पण या सवालजबाबात वेळ चालला होता, आणि लवकरच विमानातल्या मंडळींच्या ध्यानात आले की बाहेरून उत्तर येणार नाही.

याच सुमारास प्रवाशांपैकी एकाने हवाई सेविकेकरवी निरोप पाठवला. डेनिस फिच हे याच कंपनीत डीसी-१०च्या वैमानिकांना शिकवणारे प्रशिक्षक होते आणि त्या दिवशी केवळ प्रवासी म्हणून घरी निघाले होते. काही मदत हवी असल्यास आपण आहोत, एवढाच तो निरोप. हेन्स यांनी त्यांना तत्काळ आत बोलावून घेतले. आधी पंखांवरील पडदे हलतात का ते खिडकीतून पाहून यायला सांगितले. ते हलत नव्हते. मग फिच यांनी आपण काय करू असे विचारताच हेन्स यांनी दोन्ही इंजिनांचे दांडे त्यांच्या हाती सोपवले. फिच दोन आसनांच्या मध्ये गुडघे टेकून बसले, एका हातात डावा दांडा, दुसऱ्यात उजवा, आणि पुढचा अर्धा तास त्यांनी ते विमान जवळजवळ एका इंजिनाविरुद्ध दुसरे खेळवत हाकले.

योगायोग पाहा. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपानमध्ये एका जम्बो विमानाची सारी हायड्रॉलिक यंत्रणा अशीच निकामी झाली होती. त्या अपघातात ५२० माणसे दगावली आणि अवघी चार वाचली. ती हकिकत वाचल्यावर फिच यांच्या मनात प्रश्न आला होता, की केवळ इंजिनांच्या जोरावर विमान हाकता येईल का? कोणी सांगितले नसताना त्यांनी सरावाच्या यंत्रावर तसा प्रयत्नही करून पाहिला होता. चार वर्षांनी तेच कुतूहल कामी आले.

परंतु योगायोगावर बोट ठेवून ही गोष्ट संपवली तर तिच्यातील खरा भाग निसटतो. एका अत्यंत अनुभवी कॅप्टनने, २९६ जीव पणाला लागले असताना, आपल्या विमानाचा ताबा नुकत्याच दारातून आत आलेल्या माणसाच्या हाती दिला आणि तो देताना क्षणाचाही मानापमान केला नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी हे घडले असते का? हेन्स स्वत: पुढे अनेक व्याख्यानांतून सांगत, की जवळजवळ घडलेच नसते. त्या काळी कॅप्टन म्हणजे कॅप्टन. तो म्हणेल ते प्रमाण. इतरांनी विचारल्याशिवाय बोलायचे नाही, असा अलिखित दंडक.

तो दंडक मोडायला एक अपघात कारण झाला होता. २८ डिसेंबर १९७८ रोजी याच कंपनीचे एक विमान पोर्टलँड शहराजवळ पोहोचले असता चाके नीट उतरली की नाही याचा कॅप्टनला संशय आला. तो त्या एका प्रश्नात इतका गढून गेला, की विमान तासभर शहराभोवती घिरट्या घालत राहिले. इंधन संपत आले आहे हे सोबतच्या दोघांना दिसत होते. त्यांनी ते सुचवलेही. पण सुचवले ते आडून, दबकत, साहेबांच्या कानावर घातल्यासारखे. जोर देऊन कोणी बोलले नाही. अखेर इंजिने एकामागून एक थांबली, विमान शहराच्या उपनगरात कोसळले आणि दहा जण मरण पावले. यंत्र धडधाकट होते, माणसे जाणकार होती, माहितीही तिघांच्या डोळ्यांसमोर होती. ती एका तोंडातून दुसऱ्या कानात पोहोचली नाही, एवढेच.

वाचकांपैकी ज्यांनी कुठल्याही कचेरीत चार वर्षे काढली असतील, त्यांना हा प्रसंग परका वाटणार नाही. साहेबांची चूक दिसते. पण सांगायचे कोणी? आपल्याकडे तर मोठ्यांना उलटून बोलू नये हे बाळकडूतच मिळालेले. ‘साहेब, जरा बघता का’ असे म्हणून कागद पुढे सरकवायचा आणि साहेबांनी पाहिले नाही तर आपली जबाबदारी संपली असे समजायचे, ही रीत घराघरांत आणि खात्याखात्यांत मुरलेली आहे. फायलींच्या बाबतीत ती खपून जाते. हवेत, शस्त्रक्रियेच्या टेबलावर किंवा रेल्वेच्या केबिनमध्ये ती खपत नाही.

पोर्टलँडनंतर अमेरिकेच्या तपास मंडळाने वैमानिकांना एकत्र काम करण्याचे वेगळे शिक्षण द्यावे असे सुचवले आणि युनायटेडने १९८०च्या सुमारास तसे वर्ग सुरू केले. कनिष्ठाने स्पष्ट कसे बोलावे, वरिष्ठाने ते कसे ऐकावे आणि एकेका माणसाला एकेक काम नेमून कसे द्यावे, हा त्यातला अभ्यासक्रम. आज जगभर ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ या भारदस्त नावाने तो शिकवला जातो. आरंभी कित्येक जुन्या कॅप्टनांनी त्याची थट्टाही केली. हेन्स त्यांतून शिकलेले होते, आणि आपण त्यावाचून काही करू शकलो नसतो असे ते आवर्जून सांगत.

त्या ४४ मिनिटांतील संभाषणाची नोंद कॉकपिटमधील ध्वनिमुद्रकावर काही अंशी राहिली आहे. ती वाचताना एक गोष्ट जाणवते. कोणी ओरडत नाही आणि कोणी गप्पही बसत नाही. एक जण वेग सांगतो, दुसरा विचारतो की आता जोर वाढवावा का, तिसरा म्हणतो की नको, थोडे थांबा. चूक वाटली तर तिथल्या तिथे बोलले जाते. मधूनच विनोद होतो. खालच्या सू सिटी या गावच्या नियंत्रकाने जेव्हा विमानतळाची कोणतीही धावपट्टी तुम्हाला मोकळी आहे असे कळवले, तेव्हा हेन्स हसले आणि म्हणाले, की म्हणजे धावपट्टीच हवी असा तुमचा आग्रह दिसतो! ज्या माणसाला विमान नीट डावीकडे वळवता येत नव्हते आणि जो बहुतेक वेळ उजवीकडेच गोल गोल फिरत खाली येत होता, त्याचे हे उद्गार.

जमिनीवरची माणसेही तयार होती, आणि तीही अशीच नव्हे. सू सिटी हे काही मोठे शहर नाही. डीसी-१०सारखी विमाने तेथे उतरत नसत. तरीही १९८७मध्ये तेथील आपत्ती निवारण यंत्रणेने एक सराव केला होता. त्यासाठी कल्पिलेला प्रसंग असा: या गावी कधी न येणारे एक मोठे विमान वापरात नसलेल्या धावपट्टीवर कोसळले आहे आणि दीडशे माणसे जिवंत आहेत. आजूबाजूच्या छोट्या गावांतील अग्निशमन दले आणि रुग्णवाहिकाही त्या सरावात होत्या. त्यातून दिसलेल्या उणिवा पुढील दोन वर्षांत दूर करण्यात आल्या. शिवाय १९ जुलैला विमानतळावरील हवाई रक्षक दलाचे २८५ जवान कामावर होते आणि गावातील दोन्ही रुग्णालयांत पाळी बदलण्याची वेळ असल्याने दुप्पट डॉक्टर आणि परिचारिका हजर होत्या. यातला सराव माणसांनी केला होता. पाळीची वेळ दैवाने साधली.

विमान ज्या धावपट्टीच्या रोखाने आले ती नेमकी बंद ठेवलेली निघाली. तिच्यावर बंब उभे होते. ते घाईने हलवण्यात आले. एरवी हे विमान सुमारे १४० नॉट वेगाने उतरते. त्या दिवशी तो वेग २१५ नॉट, म्हणजे ताशी ४०० किलोमीटरच्या घरात होता. ब्रेक नव्हते. अगदी अखेरच्या क्षणी उजवा पंख खाली गेला, तो जमिनीला टेकला, विमान उलथले, तुटले, पेटले आणि त्याचे तुकडे मक्याच्या शेतात विखुरले. कॉकपिटचा भाग इतका चेंगरला होता, की त्यात कोणी जिवंत असेल असे कोणाला वाटले नाही. ३५ मिनिटांनी मदतकऱ्यांना आतले चारही वैमानिक जिवंत सापडले. पुढे चौघेही पुन्हा विमान चालवू लागले.

११२ माणसे मरण पावली. १८४ वाचली. तपास मंडळाने नंतर सरावाच्या यंत्रावर अनुभवी वैमानिकांना त्याच परिस्थितीत घालून पाहिले. कोणालाही ते विमान सुखरूप उतरवता आले नाही. या चौघांची कामगिरी अपेक्षेच्या कितीतरी पलीकडची होती, असे मंडळाने आपल्या अहवालात नमूद केले.

अशा गोष्टी सांगताना वाचलेल्यांचा आकडा मोठ्याने आणि गेलेल्यांचा हळू आवाजात उच्चारण्याची पद्धत आहे. त्या विमानात चार तान्ही मुले आईवडिलांच्या मांडीवर बसून प्रवास करत होती. त्यांना वेगळे आसन नव्हते, म्हणून पट्टाही नव्हता. अशा वेळी बाळाला पायांपाशी जमिनीवर उशा-पांघरुणांत ठेवावे अशी पुस्तकातली सूचना होती, आणि प्रमुख हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी ती आयांना दिली. चारांपैकी एक मूल गेले. विमानाबाहेर पडल्यावर त्या मुलाची आई ब्राउन यांना भेटली. तुम्ही सांगितलेत म्हणून मी बाळाला खाली ठेवले, असे ती म्हणाली. ब्राउन यांनी पुढची अनेक वर्षे लहान मुलांनाही स्वतंत्र आसन आणि पट्टा सक्तीचा करावा यासाठी खर्ची घातली. तपास मंडळ त्यांच्या बाजूचे होते. विमान खात्याचे म्हणणे असे, की तिकिटाचा भार पडला तर कुटुंबे विमान सोडून मोटारीने जातील आणि रस्त्यावर अधिक मुले दगावतील. दोन वर्षांखालील मुलांसाठी अमेरिकेत ती सक्ती अजूनही झालेली नाही. चार वैमानिकांनी पुस्तकात नव्हते ते केले आणि ते योग्य ठरले. या एका बाबतीत पुस्तकात होते तेच केले गेले आणि ते अपुरे पडले.

फुटलेल्या चकतीचे तुकडे तीन महिन्यांनी शेतात सापडले. धातू ओतताना राहिलेला एक बारीक दोष, त्यातून वर्षानुवर्षे वाढत गेलेली एक चीर, आणि ती चीर तपासणीत न दिसणे, असा सारा क्रम उलगडला. त्यानंतर डीसी-१०च्या शेपटीत अशी झडप बसवण्यात आली, की नळी फुटली तरी एका यंत्रणेतील सारे तेल वाहून जाऊ नये. १९९५मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने केवळ इंजिनांच्या जोरावर, संगणकाच्या मदतीने, एक मोठे विमान उतरवून दाखवले. नोव्हेंबर २००३मध्ये बगदादहून निघालेल्या एका मालवाहू विमानाला क्षेपणास्त्र लागून त्याची सारी हायड्रॉलिक यंत्रणा गेली, तेव्हा त्यातील तिघांनी ते केवळ इंजिनांवर परत आणून उतरवले. एकही जीव गेला नाही.

चौघांचे कौतुक करून यंत्र तसेच ठेवले असते तर? हा प्रश्न आपल्याकडे अधिक विचारला जायला हवा. ऐन वेळी मार्ग काढण्याचे आपल्याला भारी कौतुक. त्यासाठी हिंदीतला ‘जुगाड’ हा शब्द आता व्यवस्थापनाच्या पुस्तकांतही जाऊन बसला आहे. मराठीत मात्र या बाबतीत दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत आणि ते वेगळे आहेत हे बरे आहे. एक ‘वेळ मारून नेणे’ आणि दुसरा ‘वेळ निभावणे’. पहिल्यात आजचे संकट उद्यावर ढकललेले असते. दुसऱ्यात ते खरोखर पार केलेले असते. बाहेरून पाहणाऱ्याला पुष्कळदा दोन्ही सारखेच दिसतात.

जुन्या तमाशात वगाची संहिता लिहिलेली नसे. कथेचा सांगाडा ठरलेला, गाणी ठरलेली; बाकीचे संवाद सोंगाड्या आणि त्याचे साथीदार प्रेक्षकांचा नूर पाहून उभ्याउभ्या रचत. पाहणाऱ्याला वाटे, की याला तयारी कशाची! पण नवखा माणूस त्यात उभा केला तर तो दोन वाक्यांत गडबडून जाई. समोरचा कुठे थांबेल, कुठे शब्द टाकेल, ढोलकीवाला कुठे उचलेल हे ज्याला वर्षानुवर्षांच्या सहवासाने माहीत असते, त्यालाच ऐन वेळी नवे सुचते. गवयाची उपजही अशीच. राग आणि ताल पक्के असले तरच ती समेवर येते.

अनपेक्षित बदल नेहमी आकाशातूनच कोसळतो असे नाही. कधी तो रात्री आठ वाजता दूरचित्रवाणीवरून येतो. ८ नोव्हेंबर २०१६ला ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा बाद झाल्या. मूल्याने पाहता चलनातल्या ८६ टक्के नोटा. एक दिवस बंद राहून १० तारखेला बँका उघडल्या, त्या रांगांच्या तोंडाशीच. निर्णय योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवू. शाखेतील दहा-पंधरा माणसांपुढे मात्र रोज सकाळी नवे परिपत्रक येई. नोटा बदलून देण्याची मर्यादा आधी ४,००० रुपये, मग ४,५००, मग २,०००, आणि २४ नोव्हेंबरनंतर बदलून देणेच बंद. मध्येच बोटाला शाई लावण्याचा आदेश निघाला. लग्नघरांसाठी अडीच लाखांची सवलत आली, पण तिच्यासोबत पुराव्यांची यादीही आली. १९ डिसेंबरला सांगण्यात आले, की जुन्या नोटांत ५,००० रुपयांहून अधिक रक्कम भरणाऱ्याला दोन अधिकाऱ्यांसमोर इतका उशीर का झाला ते विचारावे. २१ तारखेला ते बहुतेक खातेदारांपुरते मागे घेण्यात आले. या दोन दिवसांत ज्याने साहेबांच्या हुकमाने म्हाताऱ्या खातेदाराची उलटतपासणी घेतली, त्या कारकुनाला तिसऱ्या दिवशी त्याच खातेदाराला तोंड दाखवायचे होते.

या काळात शाखा चालल्या त्या खिडकीमागच्या समजूतदारपणावर. कित्येक ठिकाणी सकाळीच चिठ्ठ्या वाटून दुपारपर्यंतची गर्दी घरी पाठवली गेली. निवृत्त रोखपालांना मदतीला बोलावले गेले, कारण हाताने नोटा मोजण्याचा आणि खोटी नोट बोटांनी ओळखण्याचा सराव त्यांचाच. कर्जविभागातील अधिकारी रांगेतल्यांचे अर्ज भरून देऊ लागले. हे सारे वेळ निभावणेच होते. पण नव्या २,००० रुपयांच्या नोटेचा आकार निराळा असल्याने देशभरातील दोन लाखांहून अधिक एटीएम यंत्रांचे खण एकेक करून जुळवावे लागले, ही गोष्ट आधी ध्यानात यायला हवी होती. तिची किंमत रांगेतल्या माणसाने आणि खिडकीतल्या माणसाने मिळून मोजली. वरच्यांच्या तयारीची उणीव खालच्यांच्या प्रसंगावधानाने भरून काढायची सवय एकदा लागली, की वरचे तयारी करायचेच सोडून देतात.

मुंबईच्या कामा रुग्णालयातील प्रसंगाला मात्र आधी तयारी कशी असणार? हे स्त्रिया आणि बालकांचे सरकारी रुग्णालय. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार करून दोन अतिरेकी या रुग्णालयात शिरले आणि त्यांनी दोन पहारेकऱ्यांना ठार केले. परिचारिका अंजली कुलथे यांची त्या रात्री गर्भवतींच्या कक्षात पाळी होती. कक्षात २० स्त्रिया होत्या. गोळीबार कोणत्याही परिचर्येच्या अभ्यासक्रमात नसतो. पण आपला कक्ष त्यांना पाठ होता. त्यांनी जड दरवाजे बंद केले, दिवे घालवले आणि सर्व स्त्रियांना कक्षाच्या टोकाला असलेल्या छोट्या भांडारगृहवजा स्वयंपाकखोलीत नेऊन बसवले. वरच्या मजल्यावर पोलिसांशी चकमक चालू होती, हातबाँब फुटत होते. सोबतची एक सेविका गोळी लागून जखमी झाली. तिला उपचारांसाठी पोहोचवण्याचे कामही याच गडबडीत झाले. त्यातच एका स्त्रीला कळा सुरू झाल्या. तिचा रक्तदाब वाढलेला होता. हे अंजलीताईंना माहीत होते, म्हणूनच तिला सकाळपर्यंत थांबवणे धोक्याचे आहे हेही कळत होते. डॉक्टरांना खाली येणे शक्य नव्हते. तेव्हा त्या तिला हाताला धरून, भिंतीच्या कडेकडेने, जिन्यावरून प्रसूतिगृहापर्यंत घेऊन गेल्या. मूल सुखरूप जन्मले. विसांपैकी एकीलाही इजा झाली नाही.

पुढे खटला उभा राहिला तेव्हा पकडल्या गेलेल्या अतिरेक्याला ओळखून त्यांनी न्यायालयात साक्ष दिली. साक्षीला जाताना त्यांनी परिचारिकेचा गणवेश घालण्याचा आग्रह धरला. त्या रात्री ज्या कपड्यांत २० जणींची जबाबदारी आपल्या अंगावर होती, त्याच कपड्यांत उभे राहायचे, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे बोलतानाही त्यांनी ही रात्र एखाद्या पाळीचा अहवाल द्यावा तशी क्रमवार सांगितली: दरवाजे, दिवे, खोली, जिना, बाळंतपण.